नातवाच्या मोज्यातल्या गाठी

नातवाचा हा पहिला नाताळ. पाळण्याला टांगायला त्याच्या नावाचा लाल मोजा विणायचा म्हणून मी ह्यांचा जुना स्वेटर उसवला. नातवाला बघायला काही हे थांबले नाहीत. लोकर धुतली, वजन टांगून वाळवली, तरी तिची वेटोळी जात नाहीत. माणूस हट्टी, तशी लोकरही! त्यात बाह्यांची लोकर वीतभर विणली की तुटते.

"आई, नवी लोकर आणा ना," सून म्हणते.

टेबलावर कोपर घासत पेपर वाचू नका, हे मी जन्मभर सांगितलं. ऐकलं कधी? माणसं जातात आणि त्यांच्या खोडी आपल्याला निस्तरायला ठेवतात. दर गाठीला मी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर खेकसते. पूर्वी पेपरामागून निदान "हूं" तरी यायचं.