उघड्या हातांचा वेल्डर

माझ्या थोरल्या भावाला सगळी गल्ली ठिणगी म्हणते, आणि ते काही लाडानं नव्हे. गिऱ्हाइकानं जास्त घासाघीस केली, तर त्याच्याच फाटकाला हातोड्यानं पोचे पाडणारा हा माणूस. लहानपणी त्यानं माझे दोन दात पाडले. पुढं वहिनीच्या भावाचा हात मोडला.

यंदा दादाच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. डॉक्टरीणबाईंनी एक इंजेक्शन दिलं आणि समजावलं, "औषध अंगभर पसरेल. चांगलं मांस दोन दिवसांत त्यातलं बरंचसं सोडून देतं, गाठ मात्र धरून ठेवते. परवा नळीतून आत उजेड सोडू, म्हणजे औषध गाठीला जाळेल. तोवर आणि पुढं महिनाभर प्रखर उजेडात यायचं नाही. कातडीतही थोडं औषध राहतंच."

वहिनीनं खिडक्यांना जाड चादरी ठोकल्या. दादा अंधारात पडून सगळ्यांचा उद्धार करत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली वर्कशॉपमध्ये मी एका फाटकाला वेल्डिंग करत होतो. जोड एकसारखा चरचरायला हवा, माझा फाटफाट उडत होता. नुसत्या आवाजावरून दादाला कळलं, करंट जास्त आहे. वर लाथेनं दार फुटलं. वहिनी आडवी आली, तिला त्यानं ढकललं. जिन्याच्या कठड्यावर तिचं कपाळ फुटलं.

दादा खाली आला तो तोंडावर वेल्डिंगचा मास्क चढवून, दंड उघडे.

"दादा, उजेड..."

"मास्क आहे ना? हो बाजूला."

वेल्डरच्या लेखी उजेड डोळ्यांनाच खातो. डोळे झाकले की झालं. मी हात धरला, तर त्यानं कोपर माझ्या छातीत घातलं आणि होल्डर हिसकावून जोड मारू लागला. उठायला मला वेळ लागला. उठलो, पाइपचा तुकडा उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. त्यानं माझा गळा धरला. तेवढ्यात रक्तानं माखलेल्या वहिनीनं मेन स्विच पाडला आणि त्याच्यावर ताडपत्री टाकली. मी ताडपत्रीवर बसलो आणि बुक्के घातले. खोटं कशाला बोलू, त्यातले दोन माझ्या दातांचे होते.

संध्याकाळपर्यंत त्याचे हात फोडांनी टरारले. दुसऱ्या दिवशी त्याला नखशिखांत गुंडाळून दवाखान्यात नेलं.

वहिनीनं भीत भीत विचारलं, "औषध वाया गेलं का हो?"

डॉक्टरीणबाईंनी आधी आम्हाला फैलावर घेतलं. मग म्हणाल्या, "गाठीपर्यंत हा उजेड पोचलेला नाही. कातडीत थोडं होतं तर ही दशा. गाठीत कितीतरी जास्त आहे."

दादा आपल्या हातांकडे बघत राहिला. "मग जाळा तिला," म्हणाला.

नळीतून उजेड सोडल्यावर पुढचे आठ दिवस तो छाती धरून गुरगुरत होता, रक्त थुंकत होता. मला वाटलं, आपणच ह्याला मारलं. नवव्या दिवशी त्याच अंधाऱ्या खोलीत तो पेलाभर पाणी गटागटा प्यायला. पहिलं काय केलं असेल, तर पट्टी बांधलेल्या हातानं माझ्या कानफटात दिली.

"तो जोड तोडून परत मार."

मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

मग वहिनीच्या कपाळावरचे टाके बघायला त्यानं तोच हात पुढं केला. ती झटकन मागं सरली आणि तोंडावर हात आडवा धरला. दादाचा हात तसाच हवेत राहिला. तिनं पेला पुन्हा भरून त्याच्यापुढं ठेवला आणि मोडक्या दाराशी जाऊन उभी राहिली.