पथ्य यांचं, वजन माझं

डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "मॅडम, किडनी तुमची चांगली आहे, पण वजन फार आहे." पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवते आहे, माझ्याशी असं बोलायची हिंमत अजून कुणी केली नव्हती. आठ किलो कमी करा, मग पुढच्या तपासण्या करू, असं म्हणून ते दुसऱ्या पेशंटकडे वळलेसुद्धा. हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते. हे म्हणजे माझा नवरा. यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस चालतं, आणि किडनी द्यायला घरात मी एकटीच. यांच्या मोठ्या भावाला साखर. पोट्टी, म्हणजे आमची मुलगी, पुण्याला शिकते; इकडच्या हिंदी मुलखात वाढलेली. ती फोनवर "मेरी ले लो ना पापा" म्हणाली तर यांनी तिला असं झापलं की दोन दिवस रडत होती. राहिले मी. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं, आणि गाडी अडली ती आठ किलोंवर.

मला वाटलं, आठ किलो म्हणजे काय मोठं. दोन महिन्यांत जातील.

त्याच हॉस्पिटलात डाएटवाल्या मॅडम बसतात. मॅडम कसल्या, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिचा पहिलाच प्रश्न, "आंटी, बाहर का कितना खाती हैं?" मी म्हटलं, काहीच नाही. घरचं खाते, तेही यांच्या पथ्याचं. ती इतकी खूश झाली की मलाही माझं कौतुक वाटलं. मी तेव्हा खोटं बोलले का? मला तरी तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आज कुणी विचारलं तर नक्की काय ते सांगता येत नाही, आणि तेच सांगायला बसले आहे.

यांचं पथ्य म्हणजे काय ते ऐका. भाजी चिरायची, उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणीला टाकायची. मीठ नावाला. टमाटर बंद, केळं बंद, नारळपाणी बंद. पाणी दिवसभराचं एका बाटलीत मोजून, आणि त्यातच चहाही धरायचा. आम्ही राहतो त्या चौबे कॉलनीत शेजारी कुणी भरीत भाजलं की हे उठून खिडकी लावून घेतात. बोलत काही नाहीत, फक्त खिडकी लावतात.

मग मी पण तेच खायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण आमच्याकडे तसंच आहे. नवऱ्याला पथ्य लागलं की बायकोही पाळते. सासऱ्यांना साखर निघाली त्या दिवसापासून सासूबाईंनी भात सोडला होता, आणि मरेपर्यंत परत ताटात घेतला नाही. आख्खा परिवार अजून त्यांचं नाव काढतो. यांच्यासमोर बसून मी झणझणीत वरण ओरपायचं आणि यांनी उकळलेला दोडका चघळायचा, हे मला जमलंच नसतं. तेव्हा एकच भाजी, दोन ताटं. जावेने हे ऐकलं आणि नागपूरहून फोन केला, "तुमच्यासारखी बायको मिळायले नशीब लागते भाऊजीले." मला बरं वाटलं. काहून खोटं बोलू?

आणि वजन वाढलं.

पहिल्या महिन्यात पाऊण किलो. मी म्हटलं, घरचा काटा खराब असेल. हॉस्पिटलच्या काट्यावर तर दीड निघालं. यांचं वजन डायलिसिसला दर खेपेला दोनदा होतं, आधी आणि नंतर. अंगात साचलेलं दोन-अडीच किलो पाणी ते मशीन चार तासांत काढून घेतं. हे उतरले की त्याच काट्यावर मी चढायची. यांचं कमी, माझं जास्त. मला त्या मशीनचाही राग यायला लागला होता, खरं सांगते.

मग सगळ्यांचे उपदेश सुरू झाले. शेजारीण म्हणाली, जिऱ्याचं पाणी घ्या. शाळेतली एक दीदी म्हणाली, रात्रीची पोळी बंद करा. मी दोन्ही केलं. सकाळी अंधारात बागेत चार फेऱ्या मारायची, सातला शाळा, साडेबाराला घरी, यांना जेवू घालायचं, दीडला स्कूटरवर मागे बसवून हॉस्पिटल. डाएटवाल्या मॅडमने थायरॉईड तपासायला लावलं, तेही ठीक निघालं. शेवटी तिने मला एक वही दिली. पंधरा दिवस जे खाल ते लिहा. मी लिहिलं. दोडका, लौकी म्हणजे दुधी, दोन पोळ्या, वाटीभर भात. वही एकदम स्वच्छ. ती पानं उलटत राहिली आणि म्हणाली, "आंटी, इतने में तो घटना ही चाहिए।" तिलाही काही कळेना, मलाही काही कळेना.

आता खरं सांगते. यांना मशीनवर घेतलं की नर्स म्हणते, जाओ दीदी, चार घंटे. वर बसायला जागा नसते. मी खाली येते. हॉस्पिटलच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे एका बाईचा ठेला आहे. कढईतून सारखं काहीतरी निघत असतं. पहिल्या वेळी मी नुसती उभी होते. मुंगौडी निघत होती, मुगाच्या डाळीची ती छोटी भजी. बाई म्हणाली, "खा लो दीदी, गरम है." मी एक प्लेट घेतली. हिरव्या चटणीत बुडवून पहिली तोंडात टाकली आणि माझे डोळे भरून आले. तिखटाने नाही, मिठाने. किती दिवसांनी जिभेला मीठ लागलं होतं. मी उभ्याउभ्या प्लेट संपवली, नळावर चूळ भरली, बडीशेप खाल्ली आणि वर गेले. यांनी विचारलं, "काय केलं इतका वेळ?" मी म्हटलं, "बसून राहिली."

पुढच्या खेपेला एकीच्या दोन प्लेटा झाल्या. मग आलूगुंडा, म्हणजे इकडचा बटाटावडा. मग एक दिवस फार भूक होती म्हणून कोपऱ्यावरच्या भोजनालयात आख्खी थाळी, वर पापड. आठवड्यातून तीन दिवस. ठेल्यावरची बाई मला बघितलं की विचारायची नाही, सरळ वाढायची. मी म्हणायची, बस, आज एकच, आणि ती म्हणायची, "हव दीदी, हव," म्हणजे हो हो, आणि वाढत राहायची.

मला विचाराल, वहीत का नाही लिहिलं? मी यावर खूप डोकं लावलं आहे. शाळेत पोरं कॉपी करताना मी शेवटच्या बाकावरून ओळखते. पण मला खरंच वाटत होतं की ते जेवण नाही, ते माझं वाट बघणं आहे. यांच्यासमोर खायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं, आणि ते मी पाळत होते. यांच्या डोळ्यांआड खाल्लं तर यांना त्रास नाही, म्हणून ते धरायचं नाही. असं कुठे असतं? पण माझ्या डोक्यात ते तसंच होतं. का मुद्दाम तसं ठेवलं होतं, देव जाणे.

तिसरा महिना लागला. डायलिसिसहून आल्यावर यांच्या पायात गोळे यायचे. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागले. डॉक्टर म्हणाले, मॅडमचं होत नसेल तर मेलेल्या माणसाची किडनी मिळायच्या यादीत नाव घालू, पण यादीत कधी नंबर लागेल ते मी सांगू शकत नाही.

रविवार होता, दुपार. मी ती वही जमिनीवर आपटली. म्हटलं, "हवा खाऊन वजन वाढून राहिलं का माझं? तुमच्यासारखं बेचव खाते, चार फेऱ्या मारते, अजून काय करू मी?" जरा जोरातच बोलले. हे पलंगावर पडून होते. उठून बसले. वही उचलली, झटकली, पलंगावर ठेवली.

"परवा मुंगौडी दोन प्लेट," हे म्हणाले. "बुधवारी आलूगुंडे. तीन होते का चार, मले नीट दिसलं नाही. मधात ट्रक उभा होता."

मी म्हटलं, "कोणी सांगितलं?"

"सांगायले कोण पाहिजे. तिथे माझा पलंग खिडकीपाशीच आहे ना."

बाप्पा, मला आजपर्यंत हे सुचलं कसं नाही? दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी मी कितीदा पाहिली असेल. तिच्यातून खाली रस्ता दिसतो, रस्त्यापलीकडे ठेला दिसतो, आणि ठेल्यापाशी मी. तीन महिने.

मी काहीतरी बोलायला गेले, पण यांनी हात वर केला. "तुले द्यायची नसेल तर तसं सांग," हे म्हणाले. आवाज एकदम साधा होता, बाजारातून काय आणायचं ते विचारताना असतो तसा. "मी डॉक्टरले सांगतो, मले हिची घ्यायची नाही. तुझ्यावर काही येऊ देणार नाही मी. ना माझ्या भावाकडून, ना कोणाकडून. पण असं खाऊन खाऊन वजन वाढवून नको ठेवू. तब्येत बिघडेल तुझी."

मला इतका राग आला की काही दिसेना. म्हणजे हा माणूस तीन महिने असं समजत होता की मी किडनी वाचवायला भजी खाते आहे. मी म्हटलं, "तुमच्यासमोर खायले मले लाज वाटे म्हणून मी खाली जाऊन खाल्लं. तुमच्यासाठी. आणि तुम्ही हे समजले?"

"मले काय माहीत. मी समजलो तू भ्याली."

नाही म्हणायचं होतं, आणि ते आलं नाही. कारण मला एकदम आठवलं, ज्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून कुठे कापतात ते मला दाखवलं, त्या दिवशी मी थाळी खाल्ली होती आणि परत येताना ठेल्यावर पुन्हा थांबले होते. तेव्हा मला भूक लागली होती? का दुसरंच काही होतं? मी शोध शोध शोधलं आणि मला उत्तर सापडलं नाही. जन्मभर मी पोरांना सांगत आले की उत्तर येत नसेल तर निदान पायऱ्या तरी लिहा. इथे मला पायऱ्यापण येईनात.

"मले माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

"भेव वाटते का?"

"वाटते." हे मी कुणालाच बोलले नव्हते. स्वतःलासुद्धा नाही. "लई वाटते. पण द्यायची आहे मले. दोन्ही खरं आहे, काय करू?"

हे हो म्हणाले. म्हणाले, यांनाही भीती वाटते, ऑपरेशनच्या टेबलावर आपण दोघंही पडलेलो असू आणि बाहेर पोट्टी एकटी बसली असेल, याची. मी पदराने नाक पुसलं. राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

मग तो राग एका गोष्टीवर येऊन थांबला. मी विचारलं, "तीन महिने पाहत होते, तर बोलले काहून नाही? पहिल्याच दिवशी बोलले असते तर मी तेव्हाच बंद केलं असतं. एव्हाना आठ किलो गेले असते. तुमचं ऑपरेशन झालं असतं."

यांनी बाटली उचलली, आत किती पाणी उरलं ते पाहिलं, आणि न पिता खाली ठेवली.

"म्हणूनच नाही बोललो," हे म्हणाले. "तू खाणं बंद केलं असतं. मग मी चार तास खिडकीतून काय पाहू?"