एक भाकर, एक शरीर आणि एकच ठसका

कन्नड, तमिळ, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी अशा पाच भाषांतल्या ख्रिस्ती मंडळीला एकाच क्षणी ठसका लावणारी मी आमच्या घराण्यातली पहिली सून. (दुसरी होऊ नये म्हणून सासूबाई रोज प्रार्थना करायच्या.)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांना यशवंतपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नगरहून बंगलोरला येऊन जे. पी. नगरात भाड्याच्या घरात राहू लागलो. बरोबर सासूबाई. मी मुळातच भित्री. पालीला भिते, घरमालकाला भिते, बी.टी.एस.च्या बसमध्ये कंडक्टरने ‘चिल्लर’ म्हटलं तरी मी पुढच्याच स्टॉपवर उतरते. सासूबाई कोणालाच भीत नसत. त्यांना मराठीखेरीज एक अक्षर येत नसे आणि बंगलोरमध्ये त्यावाचून त्यांचं काही अडतही नसे. भाजीवालीशी मराठीत भांडायच्या आणि भाव कमी करूनच परत यायच्या.

अडायचं ते फक्त देवळात, म्हणजे चर्चमध्ये. इतर भाषेत त्यांना प्रार्थनाच करता येईना. "देवाला सगळ्या भाषा कळतात हो आई," हे समजावायचे. "त्याला कळतात रे, मला कुठं कळतात?" हे त्यांचं उत्तर. आम्हा मराठी लोकांची जेमतेम सात-आठ घरं होती. एका मोठ्या चर्चने आम्हाला रविवारी दुपारची एक वेळ दिली होती. सकाळी इंग्रजी, मग तमिळ, मग तेलुगू, मग कन्नड आणि सगळ्यांची जेवणं झाली की आम्ही. त्या एका तासासाठी सासूबाई आठवडाभर जगायच्या.

त्या तासाची किल्ली होती देवप्रसाद अण्णांकडे. ते चर्चचे सेक्रेटरी. उंच, सडसडीत, कधी न हसणारे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमची उपासना पाच मिनिटं लांबली की दारात उभं राहून तो जुडगा खुळखुळवायचे. आम्ही घरात त्यांचं नाव ठेवलं होतं ‘कुलूपअण्णा’. (घरातच कशाला, त्यांच्यासमोरसुद्धा. त्यांना कुठं मराठी येतंय!) देवाला मी भीत नसेन इतकी त्या माणसाला भीत असे.

आणि सप्टेंबरात बातमी आली. कमिटीत म्हणे कुलूपअण्णांनी विषय काढला, की एवढ्याशा मराठी मंडळीला वेगळा तास कशाला? त्यांनी कन्नड उपासनेत येऊन बसावं. निर्णय कधी? तर ऑक्टोबरातल्या संयुक्त उपासनेनंतर. वर्षातून एकदा पाचही भाषांची मंडळी एकत्र बसून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी एका भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, घ्यायची, तो दिवस. आणि त्या दिवशीची भाकर आणायची पाळी यंदा आमची!

सासूबाईंनी बातमी ऐकली आणि जेवायच्या थांबल्या. "मग मी कुठं बोलू रे देवाशी?" एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण भाकरीचं काम माझ्या गळ्यात होतं.

त्याआधीच्याच रविवारी उपदेश झाला होता, की आपण सगळे मिळून एक शरीर आहोत, कोणी डोळा, कोणी हात, कोणी पाय. घरी आल्यावर सासूबाईंनी लगेच वाटप केलं होतं.

"मी गुडघा. प्रार्थनेला टेकतो आणि रात्रभर ठणकतो."

"आणि मी?" ह्यांनी विचारलं.

"तू कान. सगळं ऐकतोस आणि करत काही नाहीस."

"आणि मी हो आई?"

"तू जीभ. विचारायला काय हवं!"

तर ह्या जिभेने ठरवलं, की भाकर अशी आणायची की कमिटीने तोंडात बोट घालावं. एकच भाकर, अख्खी, गोल, सगळ्यांना पुरेल एवढी मोठी. घरी ओव्हन नव्हता. कोपऱ्यावर अय्यंगारांची बेकरी होती, तिथे हे शनिवारी सांगून आले. साधा, बिनमिठाचा म्हणावा असा, परातीएवढा गोल ब्रेड. इथवर सगळं छान होतं. पण आमच्या कानाला तिथे दुसरी बुद्धी सुचली. कमिटीच्या मीटिंगनंतर सगळी मराठी घरं आमच्याकडे चहाला येणार होती, म्हणून ह्यांनी त्याच साच्यात एक खारा ब्रेडही करायला सांगितला. खारा ब्रेड म्हणजे बंगलोरची खासियत. वरून अगदी साध्या पावासारखा दिसतो, पण पोटात हिरवी मिरची, कांदा, कढीपत्ता. पहिल्यांदा खाणारा माणूस फसतोच.

दोन जुळे भाऊ वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आले. मी ओट्यावर ठेवले. उजवीकडचा देवाचा, डावीकडचा चहाचा. ह्यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, स्वतःला तर दहादा सांगितलं.

रविवारी सकाळी वीज गेलेली. (ती रविवारीच जायची!) अंधुक उजेडात मी उजवीकडचा उचलला, कागद काढला, पांढऱ्याशुभ्र कापडात बांधला. वासावरून कळलं असतं म्हणाल, तर बंगलोरच्या थंड हवेने मला आल्या दिवसापासून सर्दी. नाक नावापुरतं. आणि सासूबाईंनी पहाटे उठून देवळात जायचं म्हणून ओटा पुसून काढला होता, हे मला कुठं ठाऊक!

चर्च गच्च भरलेलं. एवढी माणसं मी तिथे कधी पाहिली नव्हती. आम्हाला मान म्हणून दुसऱ्या बाकावर बसवलं आणि बरोबर आमच्या मागच्या बाकावर कोण? कुलूपअण्णा! किल्ल्या माझ्या मानेमागे खुळखुळत होत्या. समोर टेबलावर आमची भाकर पांढऱ्या कापडाखाली. मी जरा छाती फुगवली.

पहिलं गीत संपलं आणि हे माझ्या कानाशी लागले.

"अगं, तो अय्यंगार विसरला."

"काय विसरला?"

"मिरची. निघताना भूक लागली म्हणून खाऱ्या ब्रेडचा लचका तोडला मी. एकदम अळणी."

"प्रभुभोजनाआधी खाल्लंत तुम्ही?" मी भडकले. आणि मग बाकीचं माझ्या डोक्यात शिरलं. घरी जो अळणी आहे तो देवाचा. मग समोर टेबलावर आहे तो...

"अहो!"

"काय?"

"तो तिथे आहे! मिरचीचा तिथे आहे!"

ह्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा त्या कापडासारखा झाला. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "काय झालं रे?" ह्यांनी सांगितलं. "मी फक्त ओटा पुसला हो," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

"जा ना, त्या कुलूपअण्णाला सांगा!" मी म्हटलं.

"तू सांग. जीभ तू आहेस."

"मला भीती वाटते."

"मला काय वाटत नाही? तो आजच आपल्याला हाकलायला बसलाय. त्याला निमित्तच हवंय मेल्याला!"

शेवटी हे अर्धे उठले. मागून एक हाडकुळा हात आला आणि त्यांच्या खांद्यावर बसला. "कूत्कोळ्ळी," कुलूपअण्णा म्हणाले. बसा. हे बसले. प्रार्थना सुरू झाली होती. मी मनात म्हणत होते, देवा, वीज घालव, छप्पर पाड, पण ते कापड उचलू देऊ नकोस.

मागच्या बाकावर किल्ल्या वाजल्या. कुलूपअण्णा उठून पुढे निघाले होते. पण तेवढ्यात पाळकसाहेबांनी कापड उचललं. म्हातारे, प्रेमळ, जाड भिंगांचा चष्मा. भाकर दोन्ही हातांनी वर धरून मोडली. आणि थांबले. आत हिरवंगार! वाकून पाहिलं, वास घेतला, पुन्हा पाहिलं. सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं. मी ह्यांचा दंड इतका घट्ट धरला, की आठवडाभर त्यावर माझी नखं दिसत होती.

मग त्यांचा चेहरा उजळला. "प्रियजनहो," ते इंग्रजीत म्हणाले आणि पुन्हा कन्नडमध्ये, "मिसर देशातल्या गुलामीतून निघालेल्या आपल्या पूर्वजांनी वल्हांडण सणाच्या रात्री कडू भाजी खाल्ली होती. त्या दुःखाची आठवण म्हणून आपली मराठी भावंडं भाकरीत तिखट घालतात, असं दिसतं. किती सुंदर रीत! आपण सगळे ती आदराने घेऊ. कोणी तुकडासुद्धा टाकायचा नाही."

पाचही भाषांतल्या माना आदराने आमच्याकडे वळल्या. समोरच्या बाकावरच्या एका तमिळ आजींनी तर मला हात जोडले. मीही जोडले. दुसरं काय करणार? कुलूपअण्णा अर्ध्या वाटेतून परत येऊन बसले.

आमच्याकडे पद्धत अशी, की तुकडा मिळाला की लगेच खायचा नाही. शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत हातात धरायचा आणि मग सगळ्यांनी एकाच वेळी खायचा. शरीर एक म्हणून घासही एक. एरवी मला ही पद्धत फार आवडते. त्या दिवशी ताटं फिरत होती, लोक तळहातावरच्या हिरव्या मिरचीकडे बघत होते आणि मी शेवटचा माणूस कधी येतो ते बघत होते. कधीच येऊ नये असं वाटत होतं. पण आला.

"घ्या," पाळकसाहेब म्हणाले. सगळ्यांनी घेतलं.

मग तमिळ बाकावरून एक बारीकसा खोकला. मग तेलुगू बाकावरून एक जोरदार. आणि मग सगळं चर्चच फुटलं! ठसके, उचक्या, नाकं, डोळे. द्राक्षरसाचे पेले अंगठ्याएवढे, त्याने काय होणार? पाळकसाहेब स्वतः टेबलाला धरून उभे, चष्म्याखालून पाणी वाहतंय. शेवटी कोणीतरी आवारातल्या नळाकडे धावलं आणि मागोमाग अख्खी मंडळी. एरवी पाच भाषांची माणसं पाच वेळांना यायची आणि पाच वेळांना जायची. आता सगळी एका नळावर! इंग्रजी उपासनेतल्या रेशमी साड्यांच्या बायकांना कन्नड बायका ओंजळीने पाणी पाजत होत्या. "स्वल्प नीरु, अक्का, स्वल्प!" थोडं पाणी, थोडं!

आत आम्ही तिघंच, असं मला वाटलं. हे आणि मी भीतीने उठू शकलो नाही. सासूबाई मात्र गुडघ्यांवर होत्या. नगरचा घसा त्यांचा, त्यांना कसला ठसका! शांतपणे चावून गिळलं आणि मोठ्यांदा प्रार्थना करू लागल्या. "देवा बापा, ह्या लेकरांच्या घशाला गारवा दे. सून वेंधळी आहे, पण वाईट नाही. आणि आम्हाला ह्या घरातनं काढू नकोस रे. मला तुझ्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलता येत नाही." मला हुंदका आला. तो भीतीचा नव्हता.

मी मागे वळून पाहिलं. कुलूपअण्णा बाकावरच होते. डोळे लालभडक.

दुपारी कमिटी बसली, उठली आणि मग आम्हाला आत बोलावलं. खोलीत कुलूपअण्णा एकटेच. समोर किल्ल्या. मी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये माफीचं वाक्य जुळवत होते, तोच ते म्हणाले, "बसा की, अक्का. उभं कशाला ऱ्हायलाय?"

अस्सल मराठीत! मी बसले नाही, कोसळले.

"तुम्हाला... मराठी?"

"आई माझी निपाणीची. घरात मराठीच बोलत होतो. ती गेली, मग बोलायला कोणी ऱ्हायलं न्हाई."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आम्ही आजवर जे जे बोललो..."

"सगळं कळलंय. सकाळचं ‘मेल्याला’ सुद्धा."

"मग अण्णा, तुम्ही थांबवलं का नाही?" मी विचारलं.

"उठलो होतो की! तोवर पाळकांनी कडू भाजी काढली. आता भर उपासनेत त्यांना कोण सांगणार, की साहेब, हा बेकरीचा खारा ब्रेड आहे? मला बी भीती वाटते, अक्का."

जगात कुलूपअण्णालाही कोणाची भीती वाटते, हे ऐकून मला पहिल्यांदा त्यांच्याविषयी माया वाटली. ते सासूबाईंकडे वळले. "आजी, माझी आई अशीच देवाशी भांडायची. कमिटीला सांगितलंय मी, तुमचा तास तुमचाच ऱ्हाईल. मी पण येऊन मागं बसेन." सासूबाईंनी उठून त्यांच्या गालांवरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. ते चक्क लाजले.

"पण एक अट आहे," ते सावरून म्हणाले. "मराठी मंडळीनं पुन्हा भाकर आणायची न्हाई. आणि आता निघा. कुलूपअण्णाला कुलूप लावायचंय."

बसमध्ये मला जरा धीर आला. म्हटलं, "आई, बघा, शेवटी जिभेनेच सगळ्यांना एकत्र आणलं की नाही?"

"जीभ?" सासूबाई म्हणाल्या. "जीभ होतीस काल. आजपासून तू अपेंडिक्स. अंगात जागा आहे, काम काही नाही, आणि बिघडलीस की सगळ्या अंगाला कळतं."

तेव्हापासून दर वर्षी संयुक्त उपासनेला मी हात मांडीवर ठेवून गप्प बसते. कोणी मला कसलंही काम सांगत नाही. अजून कापून टाकलेलं नाही, हीच देवाची कृपा!