शेवंतीचा निकाल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा यायच्या आत. नंतर तो घोट घशाखाली उतरेल की नाही, सांगवत नाही. कारण मी केला तो गाढवपणा साधासुधा नव्हे. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना गाढव म्हणत आलेल्या माणसाचा तो गाढवपणा आहे, चांगला मुरलेला!

दहा-बारा वर्षं झाली असतील. हातखंब्याच्या पलीकडे, डोंगरात आत, एका गावी मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. शाळा म्हणजे देवळाशेजारची एक पडवी. इयत्ता चार, मास्तर एक. हेडमास्तर मीच, शिपाई मीच, घंटा बडवणाराही मीच. गावातले बापे सगळे मुंबईला गिरणीत. मागे राहिल्या बाया, म्हातारे नि पोरं. पोर शाळेत जातंय की करवंदं खात रानात हिंडतंय, विचारतो कोण?

त्यात ही शेवंती. भिकूची पोर. भिकू मुंबईत साच्यावर कापड विणायचा, नि इकडे ही माझ्या फळ्यापुढे बसायची. गावातली चौथीपर्यंत टिकलेली पहिली मुलगी! टिकली म्हणजे काय, मी टिकवली. लावणी आली की तिची आवस, म्हणजे आई, तिला घरी ठेवून घ्यायची, नि मी डोक्यावर इरलं घेऊन बांधावर भांडायला हजर.

"मास्तर, पॉर शिकून काय दिपोटी व्हनार हाय?"

"होईल! तू आधी सोड तिला."

"मग रोपं कोन लावील? तुमी?"

लावली हो मी! दोन वाफे लावले. तिनं ते सगळे उपटून परत लावले, ती गोष्ट वेगळी. पण पोर शाळेत आली की नाही?

चैत्रात दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी, परीक्षेला आले. अख्खा गाव पडवीच्या कठड्याला लोंबकळत होता. साहेबांनी शेवंतीला अपूर्णांकांचे पाढे घातले; पावकी विचारली, निमकी विचारली, मग दिडकी, मग अडीचकी. पोर थांबेचना! साहेबांना घाम फुटला, तिला नाही. जाताना ते म्हणाले, "मास्तर, ही मुलगी वाया घालवू नका. पुढे शिकवा."

झालं! माझी छाती ही एवढी फुगली. दुसऱ्याच दिवशी पायपीट करत रत्नागिरीला गेलो. तिथल्या मुलींच्या शाळेत माझ्या ओळखीच्या एक मास्तरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, "पाठवा माझ्याकडे. माझ्याच घरी राहील, पाचवीत घालू. सातवीची फायनल झाली की तीही मास्तरीण होईल." आता राहिलं काय? फक्त बापाचा होकार. पलीकडच्या वाडीतून पोरीला मागणी आलेली होती. कायदाबियदा तेव्हा यायचा होता, अकराव्या-बाराव्या वर्षी मुली सर्रास उजवल्या जात. पण तिची आवस शहाणी. म्हणाली, "बापसाला लिवा. तो शिकव म्हनला तर माजं काय नाय." आणि मान खाली घालून हळूच म्हणाली, "बरं लिवा हां, मास्तर."

बरं लिवा! मला सांगतेय! अहो, माझं अक्षर म्हणजे तालुक्यात नावाजलेलं. मी टाक घेतला, मांडी ठोकली नि कार्ड लिहायला बसलो. साधं लिहीन तर मी कसला? गोड बातमी कशी हळूहळू उलगडली पाहिजे. आधी उत्कंठा, मग आनंद, मग मुद्दा. तर सुरुवात अशी केली, अजून पाठ आहे मला: 'राजमान्य राजश्री भिकू यांस साष्टांग नमस्कार वि. वि. आपली कन्या चि. शेवंती हिचा परवा निकाल लागला. सारा गाव लोटला होता. पोरीने शेवटपर्यंत धीर सोडला नाही.'

वा! माझा मीच मान हलवली. त्याच्या खाली मग ती पहिली आली, साहेब काय म्हणाले, बाईंकडे सोय कशी झाली, तुझ्या होकाराची वाट पाहतो, वगैरे सगळं ओतलं.

सही करायला टाक झटकला आणि टपकन शाई पडली, वरच्या कोपऱ्यावर!

डाग म्हणजे मला महापातक. वहीवर डाग पाडणाऱ्याला मी दोन छड्या द्यायचो. आणि माझ्याच कार्डावर? दुसरं कार्ड घरात नाही. टपालवाला दारात उभा, आठवड्यातनं दोनदा यायचा, त्याला पुढच्या गावची घाई. मग मी काय केलं? पट्टी धरली नि डागाचा तेवढा कोपरा फाडून टाकला. सुबक, तिरका!

तुम्ही कपाळाला हात लावलात, कळलं मला. पण मी नाही लावला. मी अक्षर बघत होतो ना!

टपालवाल्यानं कार्ड हातात घेतलं नि त्याचा चेहरा पडला.

"मास्तर, घरचंच काय?"

"घरचंच समज! माझ्या हाताखालची पोर."

"अरारा! देवाची इच्छा, दुसरं काय."

मी भडकलोच. "देवाचा काय संबंध? चार वर्षं मी खपलोय तिच्यापाठी! हे सगळं माझ्यामुळे झालंय, माझ्यामुळे!"

तो दोन पावलं मागे सरला. त्या दिवसानंतर तो शाळेच्या पडवीत कधी बसला नाही, बाहेरूनच टपाल द्यायचा. मला वाटलं, शिंच्याला माझा मोठेपणा सहन झाला नाही!

नवव्या दिवशी, सकाळची शाळा सुटायच्या सुमाराला, खालच्या वाडीतून मोठा आक्रोश ऐकू आला. पोरं बातमी घेऊन आली, "मास्तर, भिकूकाका मुंबैसनं आले!" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाप आनंदानं धावत आला! तसाच धोतराचा सोगा सावरत पळालो.

आधी काय झालं होतं ते मला मागाहून कळलं. भिकू आगबोटीनं रत्नागिरीला उतरला, तिथून तंगड्या तोडत घरी आला नि आत न जाता खळ्यातच कपाळ बडवत बसला. बायको शेतात राब भाजत होती, ती धावत आली. नवरा रडतोय म्हणजे मुंबईतला दीर गेला, असं समजून तिनं त्याच्या नावानं टाहो फोडला. हा लेकीसाठी रडतोय, ती दिरासाठी रडतेय, शेजारीण दोघांसाठी रडतेय. एकालाही वाटलं नाही की विचारावं, बाबा, मेलं कोण?

एवढ्यात शेवंती डोईवर कळशी घेऊन विहिरीवरून आली. भिकूनं किंकाळीच फोडली. मागे सरकला तो जाऊन तुळशीवर आदळला.

"पाय! पाय बगू तुजे!"

भुताचे पाय उलटे असतात ना! पोरीनं बिचारीनं घाबरून कळशीसकट एकेक पाय पुढे करून दाखवला. सुलटे होते. मग जो बाप रडायला लागला म्हणता! तिला कवटाळून, तिच्या डोक्यावरून हात फिरवत, ओक्साबोक्शी.

नेमका तेव्हा मी पोचलो. समोर बापलेकीची मिठी. माझेही डोळे भरून आले. मी म्हटलं, "शाबास, भिकू! मिळालं ना माझं कार्ड? मला खात्री होती तू धावत येशील. बाप असावा तर असा!"

 सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मास्तर," भिकू म्हणाला, "तुमी कार्डाचा कोना फाडलात?"

"डाग पडला होता रे..." म्हटलं नि तोंड उघडं ते उघडंच राहिलं माझं. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताचं पत्र! शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ते घरात घ्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचं आणि वाचलं की तिथंच फाडून टाकायचं.

मुंबईच्या खोलीवर तसंच झालं. भिकूला वाचता येत नाही. वाचलं गणूनं. गणू कोण? माझाच विद्यार्थी, तिसरीपर्यंत शिकलेला. त्यानं जिन्यात उभं राहून वाचलं: निकाल लागला. सारा गाव लोटला होता. पोरीनं शेवटपर्यंत धीर सोडला नाही. पुढचं वाचायला त्याचा धीर झाला नाही. कार्डाच्या चिंध्या झाल्या, सगळ्या खोलीनं नळाखाली आंघोळी केल्या, नि भिकू सुट्टी न मागता मिळेल त्या बोटीत चढला.

मी म्हटलं, "अरे, पण 'चि.' लिहिलं होतं मी! चिरंजीव! मेलेल्या माणसाला कुणी चिरंजीव लिहितं का?"

"गनूला तेवडं कुटं ठावं, मास्तर?" भिकू अगदी सरळ म्हणाला. "तुमीच शिकवलेला तो."

हसा, हसा. खळ्यातली माणसंही हसली. भिकूही हसला, डोळे पुसत. मलाही वाटलं, सुटलो! म्हणून लगेच मुद्द्यावर आलो. पोर पहिली आली, बाईंनी सोय केली, तू फक्त हो म्हण.

भिकूचं हसू गेलं. त्यानं शेवंतीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मास्तर, उशीर झाला. बोटीत बसलो तवाच वाघजाईला बोललो, ह्ये खोटं ठरू दे. पॉर जिती नजरंला पडली, तर ह्याच वैशाखात तिचे हात पिवले करीन."

"अरे, नवस बदल! कोंबडं दे, नारळाचं तोरण बांध, मी आणून देतो!"

"कोंबड्याच्या बदली लेक मागितली नव्हती, मास्तर. आई पावली. आता तिला फसवू?"

 आईनं दिलेली लेक त्याला दिसत होती. मी दिलेला धक्काही दिसत होता. पाचवी कुणाला दिसत होती? मी आठ दिवस त्याच्या दारी खेटे घातले. शेवटी त्याची बायको म्हणाली, "आता पुरे करा, मास्तर. तुमचं येक लिवनं झालं, तेवडं बास झालं." रागावून नव्हे हो. दमून म्हणाली.

वैशाखात लग्न लागलं, पलीकडच्या वाडीतल्याच मुलाशी. भिकू परत मुंबईला गेला तेव्हा त्याच्या साच्यावर दुसरा माणूस उभा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी शेवंती शाळेत आली, हातभर हिरव्या बांगड्या नि अंगाला हळद. चौथीचं पुस्तक परत करायला आली होती. मी म्हटलं, "राहू दे गो, ठेव तुलाच." तिनं पुस्तक पोटाशी धरलं. मग जाता जाता दारात थांबली.

"मास्तर, कार्ड मला का नाय लिवाया दिलंत? मी येक वळ लिवली असती. 'बाबा, मी पास झाली. शिकू का?' "

तालुक्यात नावाजलेलं अक्षर माझं! मला मान वर करवेना. माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं की जिला चार वर्षं लिहायला शिकवलं, तिला स्वतःच्या बापाला लिहिता येत असेल. लाज वाटली हो. आजही वाटते.

पण खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या चैत्रात दिपोटीसाहेब परत आले. आल्या आल्या विचारलं, "ती अडीचकीवाली मुलगी पाचवीत गेली ना?"

मी शाळेचं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'लग्न'.

साहेबांनी उसासा टाकला, माझ्या खांद्यावर हात ठेवला नि म्हणाले, "तुम्ही तरी किती झटणार, मास्तर! बापच अडाणी, त्याला कोण काय करणार?"

आणि मी, मेल्यानं, काय म्हटलं असेल?

मी म्हटलं, "होय, साहेब. अगदीच अडाणी!"