डाव्या शिवणीला गुंडी

माझा दादा शिंपी. एकेचाळीस वर्षं एकाच मशीनवर विजारी शिवतोय आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख त्याने एकदाही पाळलेली नाही. सगळे त्याला मास्तर म्हणतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर दादा, खिडकीशी काजं करायला वहिनी आणि टेबलाखाली चिंध्यांच्या गाठोड्यावर कुत्री. तिचं नाव गुंडी. मला कुत्री मुळीच आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं सगळं मी पदरचं घालून सांगतेय असं कुणी म्हणायला नको.

झालं असं, की एका सकाळी वहिनी गुंडीला फिरवायला घेऊन गेली. समोरून मांजर पळालं, गुंडी सुसाट सुटली आणि दोरी मनगटाला गुंडाळून चालणारी वहिनी फुटपाथवर आपटली. उजवं मनगट मोडलं. काजं करणारा हात तो. सहा आठवडे प्लास्टर.

वहिनीने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती चहा पिता पिता म्हणाली, "गोदामवाल्यांना राखणीला कुत्रं हवंय. माझं प्लास्टर निघालं की हिला तिकडे पाठवून द्या."

गोदामवाला म्हणजे दादाला कापड देणारा व्यापारी. त्याच्याकडची कुत्री दिवसभर साखळीला असतात, हे तिलाही ठाऊक होतं. दादाचं तोंड एवढंसं झालं.

"मी शिकवतो तिला नीट चालायला," तो म्हणाला. "तोवर थांब."

"शिकवा की. पण परीक्षा दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. तुमच्या तारखा मला माहीत आहेत."

चौकशी केल्यावर कळलं, की मोठ्या मैदानावर एक बाई दर रविवारी रॅलीचा, म्हणजे कुत्र्यांना पाट्यांप्रमाणे चालायला शिकवण्याचा, वर्ग घेतात आणि सहा आठवड्यांनी तिथे परीक्षा आहे. मैदानात बारा पाट्या मांडलेल्या असतात. एकीवर उजवीकडे वळा, एकीवर हळू चाला, एकीवर थांबा आणि कुत्र्याला बसवा. माणसाने पाट्या वाचत जायचं आणि कुत्र्याने त्याच्या डाव्या पायाशी, दोरी ढिली ठेवून चालायचं. ह्याला हील म्हणतात. शंभरातून मार्क कापत जातात. सत्तर राहिले की पास. घरच्या सरावासाठी पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत शिकवते आणि माझं अक्षर बरं आहे.

दादाने ह्या कामासाठी खास विजार शिवली. उजव्या बाजूला बिस्किटांचा भलामोठा खिसा, दुहेरी शिलाईचा. चार आठवडे तो बोळात मागेपुढे चालत होता. गुंडी बसायची झकास, वळायची झकास, पण डावीकडे म्हणून टिकायची नाही. चार पावलं झाली की त्याच्या पुढ्यातून वळसा घालायची आणि दादा तिच्यावर अडखळायचा. दोनदा तर भिंतीचा आधार घेतला म्हणून वाचला. वहिनी खिडकीतून हे बघायची.

"हिचं डोकं फिरलंय," दादा म्हणाला.

"दोघांपैकी एकाचं नक्की फिरलंय," मी म्हणाले.

चौथ्या रविवारी वर्गाच्या बाईंनी त्याला मध्येच थांबवलं. "मास्तर, बिस्कीट कुठून देता?"

दादाने उजवा खिसा थोपटला. गुंडी तत्काळ त्याच्या पुढून फिरून उजव्या बाजूला हजर! बाईंना हसू आवरेना.

"अहो, ती कुठे चुकतेय? खाऊ उजवीकडे, म्हणून ती उजवीकडे. खिसा डावीकडे घ्या आणि डाव्या हातानेच द्या. तिचा खांदा तुमच्या डाव्या शिवणीला लागला पाहिजे, बस."

जगाच्या विजारींना खिसे लावणारा हा माणूस, स्वतःचा खिसा चुकीच्या बाजूला लावून बसला होता! तो कानापर्यंत लाल झाला. पण "शिवणीला" म्हटल्याबरोबर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी जाऊन त्याने आधी खिसा उसवला, डावीकडे लावला, मगच जेवायला बसला. गिऱ्हाइकाचं काम त्याने इतक्या तातडीने कधी केल्याचं मला आठवत नाही. आठवड्याभरात गुंडी शिवण धरून चालायला लागली.

परीक्षेच्या दोन दिवस आधी वहिनीचं प्लास्टर निघालं. हात वाळल्यासारखा बारीक झाला होता. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली आणि मैदानाच्या कडेला घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसली.

परीक्षेत खाऊ चालत नाही. तरी सहा पाट्या सुरेख झाल्या. सातव्या पाटीपाशी वळण वहिनीच्या खुर्चीजवळून होतं. गुंडीने तिला पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. सहा आठवड्यांत वहिनीने तिला हात लावला नव्हता. दोरी ताणली गेली. परीक्षकांची पेन्सिल हलली. आणि मी, कुत्री न आवडणारी बाई, "चल गं, चल ना," असं पुटपुटत बसले होते.

दादाने दोरी ओढली नाही, हाकही मारली नाही. डाव्या शिवणीवर दोन बोटं हलकेच आपटली. गुंडीने वहिनीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि निमूटपणे शिवणीला आली.

शहात्तर मार्क. पास!

माझा जीव भांड्यात पडला, पण दादाचा नाही. त्याने निकालाचा कागद वहिनीपुढे धरला. वहिनी उठली.

"ती दोरी द्या इकडे."

तिने उजवा हात पुढे केला.

"अगं, त्या हातात नको," दादा घाबरून म्हणाला.

"ह्याच हातात. भीती ह्याच हाताला बसलीय."

ती मैदानातून रस्त्यावर निघाली, गुंडी तिच्या डावीकडे. मागून आम्ही दोघं, दादाच्या काखेत खुर्ची. कोपऱ्यावर एक सायकल घंटी वाजवत अगदी जवळून गेली. वहिनी दचकून थांबली. गुंडीही थांबली आणि न सांगता तिच्या पायाशी बसली. दोरी ढिलीच होती. वहिनीने त्या दोरीकडे पाहिलं आणि ती पुन्हा चालायला लागली.

"सकाळी हिला मीच नेत जाईन," ती मागे न वळता म्हणाली. "तुम्ही आपलं दुकान वेळेवर उघडा."

खुर्ची तिथेच फुटपाथवर टेकवून दादा तिच्यावर बसला आणि डोळे पुसायला लागला.

"बरं," मीच म्हणाले.