आबा 'व्हय' म्हणाले

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, मित्रांच्या नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघतच नाही. एकदोनदा सुरुवात केली होती, पण भलतंच काहीतरी बोलून उठलो.

दारू पिऊन गाडी ठोकली, ते काही लपलेलं नाही. ते सोमाटण्यात आमच्या चाळीतल्या पोरासोरांनाही माहीत आहे. मी टुरिस्ट गाडी चालवतो. लोणावळ्याहून पाहुणे घ्यायचे, पवना धरणाच्या काठावरच्या कॅम्पवर सोडायचे, दुसऱ्या दिवशी परत आणायचे. पाहुणे मजेत असतात, ग्लास पुढे करतात, 'घ्या हो दादा, एकच' म्हणतात. मी घ्यायचो. एकावर कधी थांबायचो नाही. एका दुपारी उतारावर गाडी हातातून गेली आणि रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्या एका मावशींच्या पालात घुसली. मावशी नेमक्या पाणी आणायला गेल्या होत्या. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं, आणि पुढचं सगळं झालं.

कोर्टानं दंड केला, लायसन अडकलं, आणि वर एक अट पडली. व्यसनाविषयीच्या ऑनलाइन वर्गाला पूर्ण हजेरी लावायची आणि वर्ग घेणाऱ्यांचा चांगला अहवाल आणून द्यायचा. अहवाल नाही तर लायसन नाही. आणि लायसन नसलेल्या ड्रायव्हरला कोण विचारतं?

पण आधी आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. ते कसे होते हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

आबांची सगळी नोकरी रेल्वेच्या रुळांवर गेली, ट्रॅकमन म्हणून. आमचं गाव पवनानगरच्या पलीकडे. आई गेल्यावर आबांनी तिथलं घर बंद केलं आणि माझ्याकडे राहायला आले. मी एकुलता एक. माझं लग्न त्यानंतरचं, म्हणजे शीतलनं माझ्या आईला पाहिलेलंच नाही. शीतल पिंपरीची. गावाशी तिचा संबंध सणासुदीपुरता. आम्ही बौद्ध. आबा रोज सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर उभे राहून पंचशील म्हणायचे, हळू आवाजात, पण एकेक शब्द सुटा. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. दारूला शिवणार नाही, हे पाचवं. पुष्कळ लोक म्हणतात आणि विसरतात. आबा विसरत नव्हते. त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही. आईवर हात उगारणं सोडाच, तिच्यावर ओरडल्याचंही मला आठवत नाही.

आता वर्गाचं सांगतो.

दर शनिवारी दुपारी मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून बसायचं. कॅमेरा चालू ठेवायचा असा नियम. स्क्रीनवर चौकोनात आमची तोंडं — कोणी चिंचवडचा, कोणी हडपसरचा, सगळे माझ्यासारखेच पाठवलेले. मॅडम चांगल्या होत्या. शांत बोलायच्या. लिव्हर कशी खराब होते, हात का थरथरतात, हे चित्रं दाखवून समजावायच्या. ते ऐकायला मला काही वाटत नव्हतं. पण मग त्या एकेकाला विचारायच्या, 'तुम्ही का पिता?'

मी म्हणायचो, 'असंच.'

खरं तर तेच उत्तर होतं. मला आवडायची म्हणून मी प्यायचो. कोणी छळलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं, घरात काही दुःख नव्हतं. पण 'आवडते म्हणून' हे चारचौघांत म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही म्हणू शकला असता का? कोण जाणे, म्हणालाही असता.

एका शनिवारी मॅडम मला म्हणाल्या, 'प्रवीण, तुम्ही अजून मोकळे होत नाही आहात. मला हे अहवालात लिहावं लागेल.' त्याच दिवशी, माझ्या आधी, चिंचवडचा एक जण बोलला होता. त्याचा बाप पिऊन यायचा, आईला मारायचा, हा पलंगाखाली लपायचा. बोलता बोलता तो रडला. मॅडमचा आवाज भरून आला होता. 'इतकं मनात ठेवून जगत होतात,' असं त्या त्याला म्हणाल्या. आणि त्याला पुढं काही विचारलं नाही.

मी ते पाहिलं होतं.

मी मान खाली घातली आणि म्हणालो — माझे वडील पण प्यायचे. आईला मारायचे. पगाराच्या दिवशी तर घरात जीव मुठीत धरून बसावं लागायचं.

इतकं सोपं होतं ते. एक वाक्य बोललो की पुढचं आपोआप येत होतं. आईच्या कपाळावर खोक पडली होती, असंही मी सांगितलं. आईच्या कपाळावर खोक होती, हे खरंच आहे — लहानपणी विहिरीवर घसरून पडली होती. मी ती खोक उचलली आणि आबांच्या हाताला लावली. आवाज कापरा केला. शेवटी डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. ते कुठून आलं, सांगा ना?

मॅडम म्हणाल्या, 'आज तुम्ही खूप धीर दाखवलात.'

शीतल त्या वेळी पाण्याच्या नळावर होती. आबा घरातच होते. आमच्या दोन खोल्या, मध्ये दार नाही, नुसता पडदा. पडद्यापलीकडे ते मित्राला, माझ्या दोन वर्षांच्या मुलीला, मांडीवर झोपवत होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बोलताना मला माहीत होतं. मी आवाज थोडा खाली घेतला, एवढंच.

वर्ग संपल्यावर पडदा सारून आबा बाहेर आले. मित्रा खांद्यावर. म्हणाले, "पोरगी उठली. दूद हाय का बग." बस. त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून ते कसं दिसत होतं ते मला सांगता येणार नाही.

मला वाटलं, झालं, संपलं. पण शेवटच्या वर्गाला घरातलं माणूस सोबत बसवायचं होतं. मी शीतलला तयार केलं होतं. वर्ग सुरू झाला तशा मॅडम म्हणाल्या, 'प्रवीण, तुमचे वडील तुमच्याकडेच असतात ना? ते येऊ शकले तर फार बरं होईल. अशा गोष्टी समोरासमोर बोलल्या की मन हलकं होतं.' मी म्हणालो, ते गावी गेलेत. शीतल शेजारीच होती, ती चमकून बघायला लागली. आणि तेवढ्यात पडदा हलला. आबा आले. धुतलेला सदरा घातला होता त्यांनी, म्हणजे आधीपासून तयार होऊनच बसले असणार. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

मॅडमनी गावाचं काही न काढता नमस्कार केला. मग जपून, शब्द निवडत विचारलं, "आबा, प्रवीणनं आम्हाला लहानपणचं सांगितलंय. तुमच्या पिण्याबद्दल. त्याच्या आईला होणाऱ्या त्रासाबद्दल. तुम्हाला त्यावर काही बोलायचंय का? नाही बोललात तरी चालेल."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मोबाइलकडेच बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "पीत व्हतो मी. लय पीत व्हतो."

"आणि मारहाण?"

थोडा वेळ गेला. तेवढ्यात मी बोलू शकलो असतो. एक शब्द पुरला असता — 'नाही.'

"त्ये बी खरं हाय," आबा म्हणाले. "पोराची चूक न्हाई मॅडम. माजंच बगून शिकलं त्ये. त्येचं लायसन तेवडं बगा. बारकी पोरगी हाय घरात."

मॅडम म्हणाल्या, या वयात हे कबूल करायला मोठं मन लागतं. चौकोनातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिंचवडचा तो मुलगा डोळे पुसत होता. शीतल उठून मोरीकडे गेली.

अहवाल चांगला आला. लायसन मिळालं. गाडी सुरू झाली. दारूही सुटली — पण त्याचं श्रेय कुणाला मिळालं, ऐका. शीतल तिच्या आईला फोनवर सांगत होती, 'सासऱ्यांनी स्वतःची चूक मान्य केली ना, तेव्हापासून हे सुधारले.' मी तिथंच जेवत बसलो होतो. वरण वाढून घेतलं.

ती आबांशी वाईट वागली नाही. तसं ती कधीच कुणाशी वागत नाही. चहा वेळेवर, औषध वेळेवर. पण मित्राला त्यांच्याजवळ एकटी ठेवेनाशी झाली. आबा तिला रोज संध्याकाळी बेगडेवाडी स्टेशनावर गाड्या दाखवायला घेऊन जायचे, माझा एक दोस्त स्कूटरवरून दोघांना सोडायचा. शेवटच्या वर्गानंतरच्या आठवड्यात आबांनी चप्पल घातली, मित्राला हाक मारली, तर शीतल म्हणाली, "नको आबा. तिला मी नेईन नंतर."

"बरं," आबा म्हणाले.

मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. एकटेच गेले. मी बुटाची नाडी बांधत होतो दोन्ही वेळा. मला सगळं दिसत होतं. आईला मारणारा माणूस — त्याच्या हातात पोरगी कशी द्यायची, असं शीतलच्या मनात येणारच. तिची काय चूक?

त्यानंतरच्या पौर्णिमेला मी आबांना गाडीतून गावच्या विहारात घेऊन गेलो. दर पौर्णिमेला वंदना आणि पंचशील आबाच सांगायचे. ते एक ओळ म्हणणार, बाकीचे त्यांच्या मागून. त्या दिवशी ते मागे सतरंजीवर जाऊन बसले. लोकांनी पुढे बोलावलं तर म्हणाले, "घसा धरलाय. तुमी सांगा कुनीतरी." त्यानंतर त्यांनी वंदना कधी सांगितली नाही. चौथ्या शीलाजवळ त्यांचा घसा धरत होता, हे त्या विहारात मला एकट्याला ठाऊक होतं.

परतताना मी धीर करून विचारलं. "आबा, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"तुजं लायसन गेलं असतं."

बरंच अंतर गेल्यावर तेच म्हणाले, "माजं जाऊ दे. तुज्या आयचं तेवडं शीतलला सांग कवातरी. मारलेली बाई न्हवती ती. तिला तसं नगो कुनी समजाया."

"सांगतो," मी म्हणालो.

मला वाटतं, त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट. मी ती का केली नाही? रोज वाटायचं, आज बोलू. रोज शीतल काहीतरी बरं बोलायची, हसायची, आणि मला वाटायचं, आज नको. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती — सोसून वर आलेला माणूस म्हणून — ती नजर मला सोडवत नव्हती. इतकंच आहे. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

मग आबा आजारी पडले. कावीळ झाली, पोट फुगलं, दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी तपासून विचारलं, दारू घेतात का? मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. शीतल म्हणाली, "आता नाही. आधी खूप घ्यायचे." अगदी सहज बोलली ती, उपचाराला उपयोग व्हावा म्हणून. आबा जागे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मीही त्यांच्या मागे गेलो, औषधांचं विचारायला म्हणून.

आबा त्यातून उठले नाहीत.

ते गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावच्या विहारात ठेवला. आबांसोबत रुळांवर राबलेले एक म्हातारे काका बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आमच्या गँगमदी समदे पेनारे. ह्यो एकटा कोरडा. आमी हसायचो ह्येला. पगार झाला की बायकोसाटनं जिलबी घिऊन सरळ घरी. त्या माऊलीला कदी 'अगं'च्या वर शब्द बोलला न्हाई. आसा मानूस न्हाई बगितला मी." बायका डोळ्याला पदर लावत होत्या. शीतल माझ्या पलीकडे बसली होती. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिलो.

घरी निघालो. मित्रा शीतलच्या मांडीवर झोपली होती. धरणाच्या कडेचा रस्ता संपला. मग शीतल म्हणाली, "अहो, गावात कुणालाच माहीत नव्हतं का हो?"

आता आबाही नव्हते, लायसनही हातात होतं. मॅडम नव्हत्या, कोर्ट नव्हतं. गाडीत फक्त आम्ही. मला अडवायला कुणी म्हणजे कुणी उरलं नव्हतं.

"नव्हतं," मी म्हणालो. "घरातलं घरातच राहिलं."

शीतलनं मित्राच्या अंगावरची ओढणी नीट केली. "किती सोसलं असेल ना तुमच्या आईनं," ती म्हणाली.

मी 'हं' म्हणालो, आणि गाडी चालवत राहिलो.