मागच्या उतारावरचा धोक

मुलांनो, शाळेत झाडं लावल्याचा तुमचा फोटो मिळाला. प्रत्येकाच्या हातात एकेक रोप, छान दिसता. पण रोप धरून फोटो काढून घेणाऱ्या माणसांवर माझा जुना राग आहे.

जयपूरला आम्ही बनी पार्कात राहायचो. तुमचे आजोबा वन खात्यात होते. आदर्श नगरच्या पलीकडची एक टेकडी लाकूडतोडीने आणि बकऱ्यांनी उघडी पडली होती. ती पुन्हा हिरवी कशी करायची, याची योजना त्यांनी आखायची होती. जेवणाच्या टेबलावर कायम नकाशे पसरलेले आणि मी ताटं हातात घेऊन उभी.

त्या टेकडीवर धोक नावाचं तिथलंच झाड होतं. बकऱ्या सारख्या खुडत राहिल्या की ते वर वाढतच नाही, सतरंजीसारखं जमिनीवर पसरतं. आजोबांचं म्हणणं एवढंच, की काही वर्षं चराई बंद ठेवा, धोक आपोआप उभा राहील. टाइप करायचं काम माझ्याकडे, म्हणून सगळी योजना मला पाठ होती.

त्यांचे मोठे साहेब घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "भई, वनमहोत्सव में मंत्रीजी आकर क्या करेंगे? बकरियाँ भगाएँगे?"

"साहब, पेड़ तो वहाँ पहले से हैं."

"कहाँ हैं? मुझे तो घास-फूस दिखती है."

शेवटी तडजोड झाली. रस्त्याकडचा उतार समारंभाला, मागचा आजोबांना. तोही वर्षभरच, मग पुन्हा चराईला खुला.

समारंभाला मला रेशमी साडी नेसून जावं लागलं. खड्डे सरळ रांगेत, भोवती चुना फासलेल्या विटा. तंबूमागे मुळासकट उपटलेल्या धोकाचा हा ढीग! म्हणे जागा साफ केली. त्या खड्ड्यांत मंत्र्यांनी गुलमोहर लावला, मीही लावला. उन्हाळ्यात सगळे वाळून गेले.

पुढच्या पावसाळ्यात तेच खड्डे, त्याच विटांना नवा चुना. मंत्र्यांनी विचारलं, "पिछले साल वाले पेड़ कहाँ हैं?" मोठे साहेब जरासुद्धा न अडखळता त्यांना जीपने मागच्या उतारावर घेऊन गेले. धोक गुडघ्याएवढा झाला होता.

"ये रहे, सर. सब हमारे लगाए हुए."

मंत्री खूश. हा उतार बंदच ठेवा, असं तिथल्या तिथे सांगून गेले.

घरी आल्यावर मी तडकले. "अहो, डोळ्यांदेखत एवढं खोटं, आणि तुम्ही गप्प?"

"बोललो असतो तर पुढच्या महिन्यात बकऱ्या आत. तू ते नवीन पान तेवढं टाइप कर."

त्या पानावर लिहिलं होतं, 'गेल्या वर्षी लावलेली झाडं जोमाने वाढत आहेत.' दात-ओठ खात मी ते टाइप केलं. मागचा उतार बंद राहिला. माझा राग अजून गेलेला नाही.